दुखेल किती, सांगायचं किती

१९७४ मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हे, अंबाजोगाईत. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव लाभलेलं हे महाविद्यालय आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. केज, धारूर, परळी, माजलगाव या भागांतून लोक इथे येतात. सिझर, हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याध, पिशवीचं ऑपरेशन, मोडलेलं हाड बसवणं, अशी शस्त्रक्रिया विभागांची रोजची कामं असतात. यातलं कुठलंही ऑपरेशन ठरलं की रुग्ण किंवा त्याच्यासोबतचं माणूस एकदा तरी विचारतंच, ‘लई दुखंल का?’ मराठी मुलखात, मग दवाखाना सरकारी असो की खासगी, गाव अंबाजोगाई असो की पुणे, या प्रश्नाला मिळणारं उत्तर बरंचसं ठरलेलं आहे: ‘काही होत नाही.’

या उत्तराने धीर मिळतो, माहिती मिळत नाही. धीर आणि माहिती एकत्र देता येते का, दिल्याने दुखणं खरंच कमी होतं का, की उलट वाढतं, यावर वैद्यकशास्त्रात साठेक वर्षं वाद चालू आहे. तो कुठवर आला आहे ते पाहायचं आहे.

आधीची गोष्ट

भूल नव्हती तेव्हा चिंता होती ती शस्त्र चालू असतानाच्या वेदनेची. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माआधी रुग्णाला जेवू घालावं आणि मद्य घेणाऱ्याला तीक्ष्ण मद्य पाजावं, असा सल्ला आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग झाला, पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आलं आणि तो प्रश्न सुटला. पण नवा उभा राहिला. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद या नावाने निजामाच्या राज्यात होती. त्याच राज्याच्या राजधानीत एडवर्ड लॉरी या सर्जनच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म कमिशनं बसली. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय, यावर त्यांनी प्रयोग केले आणि लंडनच्या वैद्यकीय जगताला त्यांची दखल घ्यावी लागली. भुलीतून माणूस जिवंत उठतो की नाही, हीच त्या काळची काळजी होती. उठल्यावर त्याला किती ठणकतं, हा कुणाच्या अहवालाचा विषय नव्हता.

तो विषय झाला दुसऱ्या महायुद्धात. हेन्री बीचर हे अमेरिकन भूलतज्ज्ञ इटलीच्या आघाडीवर होते. मोठ्या जखमा झालेले सैनिक वेदनाशामक मागत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे १९५६ मध्ये त्यांनी तुलना मांडली: जखमी सैनिकांपैकी ३२ टक्क्यांनी औषध मागितलं, शस्त्रक्रिया झालेल्या नागरिकांपैकी ८३ टक्क्यांनी. सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे आघाडीवरून सुटका होती, नागरिकाच्या दृष्टीने संकटाची सुरुवात. जखमेचा आकार आणि वेदनेचा आकार एक नसतो, मधे माणसाने लावलेला अर्थ असतो, असं बीचर म्हणाले. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना अडवणारं किंवा वाट देणारं ‘द्वार’ असतं, अशी मांडणी केली आणि मेंदूकडून येणारी अपेक्षा, भीती, लक्ष हेही त्या द्वारावर परिणाम करतात, हे म्हणायला शास्त्रीय आधार मिळाला.

एक प्रयोग आणि त्याचं वजन

ऑपरेशनआधी दुखण्याबद्दल सांगावं, या बाजूचा सगळ्यात जुना आणि आजही सांगितला जाणारा पुरावा १९६४ मधला आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एगबर्ट आणि सहकाऱ्यांनी पोटाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ९७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीप्रमाणे भुलीची माहिती दिली. दुसऱ्या गटाच्या खाटेशी भूलतज्ज्ञ आदल्या संध्याकाळी बसला. कुठे दुखेल, किती जोराचं दुखेल, किती दिवस राहील हे त्याने सांगितलं. टाक्यांखालचे स्नायू आखडतात म्हणून दुखतं, ते सैल कसे सोडायचे, दीर्घ श्वास कसा घ्यायचा, कुशीवर वळताना हातांचा आधार कसा घ्यायचा, हे दाखवलं. आणि एवढं करूनही दुखलं तर औषध आहे, मागा, असं बजावलं. कोण कुठल्या गटात आहे हे सर्जनना माहीत नव्हतं. माहिती मिळालेल्या गटाला अफूवर्गीय औषध जवळपास निम्मं लागलं आणि ते रुग्ण सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले.

आकडे मोहात पाडणारे आहेत. पण प्रयोग नीट वाचला तर एगबर्ट यांनी केवळ माहिती दिली नव्हती, हे दिसतं. माहितीसोबत रुग्णाच्या हाताला एक कृती दिली, औषधाचा शब्द दिला आणि एका डॉक्टरचा वेळ दिला. यातलं नेमकं कशाने काम केलं हे वेगळं काढता येत नाही, आणि पुढच्या साठ वर्षांचा बराचसा वाद तिथूनच निघाला.

त्या काळातलं दुसरं नाव मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांचं. शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास करून १९५८ मध्ये त्यांनी मांडलं की अजिबात न घाबरलेला आणि अतिशय घाबरलेला, हे दोघेही नंतर जास्त त्रास काढतात. बेताची चिंता केलेला माणूस आतून तयार होतो. जॅनिस यांचं हे मध्यममार्गी सूत्र नंतरच्या अभ्यासांत जसंच्या तसं टिकलं नाही. पण ‘काही होत नाही’ म्हणून पाठवलेल्या रुग्णाला रात्री ठणका सुरू झाल्यावर आपलं ऑपरेशन बिघडलं असं का वाटतं, याचं उत्तर त्यात सापडतं.

शब्दही टोचतात

दुसरी बाजू म्हणते, सांगा, पण शब्द जपून वापरा. २०१० मध्ये अमेरिकेत १४० बाळंतपणाच्या रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला. पाठीतून भूल देण्याआधी कातडी बधिर करायचं छोटं इंजेक्शन असतं. ते देताना काहींना सांगितलं, आता मोठी मधमाशी चावल्यासारखं वाटेल, सगळ्यात वाईट भाग हाच. इतरांना सांगितलं, ही जागा बधिर करणारं औषध देतोय, म्हणजे पुढचं तुम्हाला सोपं जाईल. सुई तीच, औषध तेच. पहिल्या गटाने दहापैकी मध्यक ५ वेदना सांगितली, दुसऱ्याने ३. आपल्याकडे मधमाशीऐवजी मुंगी असते, त्यामुळे नुकसान थोडं कमी होत असावं!

२०११ मध्ये ऑक्सफर्डमधल्या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना उष्णतेचा चटका देत शिरेतून तीव्र वेदनाशामक सोडलं. औषध सुरू आहे असं सांगितल्यावर त्याचा गुण दुप्पट झाला. आता औषध बंद केलं असं खोटंच सांगितल्यावर, औषध चालू असूनही, गुण जवळपास नाहीसा झाला. त्याआधी इटलीत फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांच्या गटाने दाखवलं होतं की यंत्राने गुपचूप दिलेलं मॉर्फिन समोर सांगून दिलेल्या मॉर्फिनपेक्षा कमी काम करतं.

यावरून ‘मग सांगूच नका’ असा निष्कर्ष काही डॉक्टर काढतात. तो या प्रयोगांतून निघत नाही. गप्प राहून दिलेलं औषधही कमीच लागू पडलं, हे त्याच प्रयोगांनी सांगितलं. निघतं ते एवढंच, की दुखण्याचं वर्णन आणि त्यावरचा उपाय एकाच दमात सांगावे, आणि वर्णन उपायापेक्षा लांबू नये.

मोठ्या गोळाबेरजेचं म्हणणं

एकेका प्रयोगावर विसंबू नये म्हणून अनेक चाचण्या एकत्र तपासतात. कॉक्रेन संस्थेच्या २०१६ मधल्या आढाव्यात पूर्ण भुलीखालच्या शस्त्रक्रियांआधी रुग्णाची मानसिक तयारी करण्याच्या १०५ चाचण्या आणि १०,३०२ रुग्ण धरले होते. अशा तयारीने दुखणं आणि मनाचा त्रास काहीसा कमी होत असावा, मुक्काम साधारण अर्ध्या दिवसाने घटत असावा, पण पुराव्याचा दर्जा कमी, असा त्यांचा निर्वाळा. २०१४ च्या दुसऱ्या आढाव्यात खुबा आणि गुडघा बदलण्याआधीच्या शिकवणीच्या १८ चाचण्या होत्या. तिथे नेहमीच्या काळजीपेक्षा खास फायदा दिसला नाही.

एगबर्ट यांचे २.७ दिवस आणि हा अर्धा दिवस यांतला फरक कशाने पडला? एक कारण असं, की १९६४ मध्ये रुग्ण मुळातच बरेच दिवस पडून असायचे; आता लवकर उठवतात, लवकर सोडतात, कमी व्हायला दिवसच उरले नाहीत. दुसरं कारण म्हणजे परदेशातल्या मोठ्या रुग्णालयांत ‘नेहमीची काळजी’ म्हणजेच पुरेशी माहिती. ज्याला पत्रक, परिचारिका आणि वेळच्या वेळी औषध मिळतंच, त्याला आणखी एका तासाच्या शिकवणीने काय फरक पडणार? जिथे नेहमीची काळजी म्हणजे राउंडला मिळालेली दोन मिनिटं, तिथे हेच निष्कर्ष लावावेत का, हा प्रश्न उघडा आहे. मला तरी ते तसे लावता येतील असं वाटत नाही.

नेमकं काय सांगायचं

सांगायचं ठरलं तरी सांगणाऱ्याला माहीत हवं. इथे सर्जनचा अंदाजही फसतो. २०१३ मध्ये जर्मनीतल्या १०५ रुग्णालयांतल्या ५०,५२३ रुग्णांची पहिल्या दिवसाची वेदना १७९ शस्त्रक्रियांनुसार तपासली गेली. अपेंडिक्स, पित्ताशय, मूळव्याध, टॉन्सिल ही ‘छोटी’ ऑपरेशनं सर्वाधिक दुखणाऱ्या पहिल्या २५ मध्ये आली. उलट पोटाच्या काही मोठ्या शस्त्रक्रिया तुलनेने सुसह्य ठरल्या, कारण तिथे पाठीत नळी ठेवून वेदनाशमन नीट केलेलं होतं. म्हणजे ‘छोटंच आहे, काही दुखत नाही’ हे वाक्य नेमकं जिथे जास्त दुखतं तिथे वापरलं जातं.

काही दुखणी अनपेक्षित जागी येतात आणि त्यांचीच दहशत जास्त. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याने श्वासपटल चाळवतं आणि त्याची नस मानेतून येत असल्याने दुखतं खांद्यात. पित्ताशय काढलं आणि खांदा दुखतोय म्हटल्यावर रुग्णाला हृदयविकाराची शंका येते. दोन वाक्यांत सांगून ठेवलं तर रात्र वाचते. सिझरमध्ये कमरेतून दिलेली भूल काही तासांत उतरते आणि सकाळभर हसणारी बाई संध्याकाळी एकदम कळवळते; ती उतरण्याआधीच पुढचं औषध सुरू करायचं असतं, हे तिला आणि तिच्या आईला माहीत हवं. आणि ‘कमरेतल्या इंजेक्शनने जन्माची कंबर जाते’ ही घरोघरची समजूत. बाळंतपणाच्या कळांसाठी पाठीतून औषध दिलेल्या आणि न दिलेल्या बायकांची तुलना झाली आहे. दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक सापडला नाही. कंबर दुखते, पण ती दोन्हीकडे दुखते. इंजेक्शननंतर बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर थांबणारी डोकेदुखी मात्र खरी. तिच्यावर उपाय आहे.

बहुतेक ऑपरेशनांत पहिले २४ ते ४८ तास जड जातात, मग उतार पडतो. पण उतार सगळ्यांना पडत नाही. हेन्रिक केहलेट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की हर्निया, स्तन, छाती यांच्यासारख्या शस्त्रक्रियांनंतर १० ते ५० टक्के रुग्णांना महिनोन्‌महिने काही ना काही दुखत राहतं, आणि २ ते १० टक्क्यांना ते तीव्र असतं. ही गोष्ट आधी सांगायची का, यावर एकमत नाही. सांगितल्याने भीती वाढते, आणि ऑपरेशनआधीची भीती हीच नंतरच्या जास्त वेदनेची एक खूण मानली जाते. न सांगितलं तर वर्षभराने रुग्ण ‘टाके चुकले’ म्हणत दुसऱ्या डॉक्टरकडे जातो.

मोजायचं कसं, हाही पेच आहे. शून्य ते दहाची पट्टी जगभर चालते. शाळा न पाहिलेल्या आजीला ‘दहापैकी किती’ विचारलं की ती नातवाकडे बघते. तिलाच ‘रुपयात किती आणे कमी आलं’ विचारा, ‘बारा आणे’ असं उत्तर चटकन येतं. वेदनेची पट्टी म्हणून ही आण्यांची भाषा तपासून पक्की करावी, एवढी ती रुजलेली आहे. मात्र आणे जाऊन पिढ्या लोटल्या, आणि त्या आजीच्या नातवाला बारा आणे म्हणजे पाऊण हे कळेलच असं नाही. काही भूलतज्ज्ञ आकडा सोडून कामाचं विचारतात: खोकता येतं का, कुशीवर वळता येतं का, बाळाला पाजायला बसता येतं का. अपेक्षाही याच भाषेत सांगावी, हे म्हणणं अलीकडे जोर धरतं आहे, आणि ते पटण्याजोगं आहे.

औषध आणि कायदा

अपेक्षेची चर्चा औषधाच्या उपलब्धतेशिवाय अपुरी राहते, आणि इथे अमेरिका आणि आपण अगदी उलट टोकांना आहोत. तिथे नव्वदच्या दशकात वेदनेला नाडी-तापाच्या बरोबरीचं ‘पाचवं लक्षण’ म्हणून मोजायची चळवळ झाली, अफूवर्गीय गोळ्या मुबलक दिल्या गेल्या आणि व्यसनाची साथ आली. त्यामुळे आज तिथे रुग्णाला शिकवतात की थोडं दुखणारच, शून्याची अपेक्षा ठेवू नका. भारत अफूचं अधिकृत पीक घेणारा देश असूनही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन दवाखान्यांतून जवळपास हद्दपार झालं. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची वाट थोडी सोपी केली. २०१८ मध्ये वॉर्डातलं नेहमीचं वेदनाशामक ट्रॅमाडॉलही त्याच कायद्याखाली आलं. आपल्या रुग्णाला ‘कमी मागा’ शिकवायची गरजच नाही. तो मुळात मागतच नाही. कळ सोसणारी बाई आपल्याकडे कौतुकाची असते. त्यामुळे एगबर्ट यांच्या सूचनांतली शेवटची, ‘दुखलं तर मागा’, ही इथे पहिली ठरावी.

कायद्याची बाजू सावध आहे. समीरा कोहली खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमती खरी ठरायला रुग्णाला उपचाराचं स्वरूप, हेतू, पर्याय, ठळक धोके आणि नकाराचे परिणाम यांची पुरेशी माहिती हवी. त्याच निकालात हेही आहे की दूरचे, केवळ कल्पनेतले धोके सांगून रुग्णाला घाबरवण्याची गरज नाही. वेदना यात कुठे बसते? ती दूरचा धोका नव्हे, जवळपास नक्की घडणारी गोष्ट आहे. तरीही ‘ठळक धोक्यां’च्या यादीत तिला क्वचितच जागा मिळते. २०१६ च्या देविका बिस्वास प्रकरणात न्यायालयाने नसबंदीची शिबिरं तीन वर्षांत थांबवायला सांगितलं आणि माहिती रुग्णाच्या भाषेत समजावण्यावर भर दिला.

बीडची अडचण

या जिल्ह्यात प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०१९ मध्ये, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या चौकशीच्या वेळी, बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल, असं सांगितल्याचं अनेकींनी म्हटलं. ऑपरेशन न करण्याची भीती मोठी करून सांगितली गेली. केल्यानंतरचं दुखणं, आणि अंडाशयही काढले असतील तर अकाली येणारी पाळीबंदी आणि हाडांची झीज, यांबद्दल फारसं कुणी बोललं नाही. नंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. परवानगीने अनावश्यक ऑपरेशनला आळा बसू शकतो. रुग्णाला काय सांगितलं गेलं, हे त्या कागदावरून कळत नाही.

ऊसतोडीच्या बाईचा प्रश्नही मुळात वेगळा असतो. दिवाळीनंतर टोळ्या निघतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. तिला दहापैकी आकडा नको असतो. कोयता कधी धरता येईल, मोळी डोक्यावर कधी घेता येईल, हे हवं असतं. ‘सहा आठवडे जड उचलू नका’ हे वाक्य तिच्या हंगामाला लावून पाहिल्याशिवाय ती माहिती होत नाही, आणि तसं लावून पाहिलं तर कदाचित ऑपरेशनची तारीखच बदलेल.

काय सुटलेलं नाही

सांगणारा कोण, हे ठरलेलं नाही. सर्जनला वेळ नसतो, भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी भेटतोच असं नाही, निवासी डॉक्टर बदलत राहतात, आणि रुग्णाला सर्वांत जास्त माहिती शेजारच्या खाटेवरून मिळते. ऐकणारा कोण, हेही नाही. अनेकदा सगळं नवऱ्याला किंवा मुलाला सांगितलं जातं आणि खाटेवरच्या माणसापर्यंत ‘डॉक्टर म्हणले काही होत नाही’ एवढंच पोचतं. कुणाला जास्त दुखेल याचे काही अंदाज आहेत, जसं आधीपासून दुखणं असणारा, चिंतेत असणारा, वयाने लहान. पण ते एकेका माणसाबद्दल खात्रीने बोलायला पुरत नाहीत. आणि वर दिलेले बहुतेक आकडे बोस्टन, ऑक्सफर्ड, जर्मनीचे आहेत. ते मराठवाड्यात खरे ठरतात का, हे तपासायला लागणारे रुग्ण, विद्यार्थी आणि भूलशास्त्र विभाग अंबाजोगाईत आहेत; पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना हा विषय चांगला आहे.

तोवर ऑपरेशनची तारीख घेऊन घरी जाणाऱ्यांनी सही करण्याआधी एवढं विचारावं. भूल किती वाजता उतरेल आणि त्याआधी औषध मिळेल का? कुठल्या जागी दुखेल, किती दिवस? रात्री दुखलं तर कुणाला हाक मारायची? कुठलं दुखणं अंगावर काढायचं नाही? आणि कामाला कधी लागता येईल? उत्तरं कागदावर लिहून घ्यावीत आणि ज्याचं ऑपरेशन आहे त्याला स्वतः ऐकवावीत.